निष्ठेचा पुरावा : सामुराईंची आत्मबलिदाने आणि महागड्या संकेताचा सिद्धांत

सामुराईंच्या नावाने मराठी समाजमाध्यमांवर जी प्रेरणादायी वचने फिरत असतात, त्यांत दोन गृहीतके हमखास दडलेली असतात. मृत्यूला बेफिकीरपणे सामोरे जाण्याची वृत्ती जपानी माणसाच्या रक्तातच आहे, हे पहिले. आणि ही वृत्ती प्राचीन काळापासून तशीच अखंड चालत आली, हे दुसरे. ही दोन्ही गृहीतके इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. ज्याला आपण मराठीत ‘हाराकिरी’ म्हणतो आणि जपानी औपचारिक भाषेत ज्याला ‘सेप्पुकू’ म्हणतात, त्या एकाच नावाखाली परस्परांहून अगदी वेगळ्या प्रथा एकत्र झाल्या आहेत : रणांगणावर शत्रूच्या हाती सापडू नये म्हणून केलेले बलिदान, तहाची अट म्हणून स्वीकारलेला मृत्यू, न्यायालयीन शिक्षा आणि धनी वारल्यावर सेवकाने त्याच्या मागोमाग जाणे. या शेवटच्या प्रकाराला ‘जुन्शी’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखाचा भर मुख्यतः त्यावर आहे, कारण जुन्शीची भरभराट आणि तिचा शेवट या दोन्ही गोष्टी तारीखवार तपासता येतात आणि तिच्यामागची यंत्रणा समजून घ्यायला अर्थशास्त्र व जीवशास्त्र या दोन शास्त्रांत जवळजवळ एकाच वेळी, पण स्वतंत्रपणे जन्मलेली एक कल्पना फार उपयोगी पडते.

आधी युद्धकाळाकडे थोडक्यात पाहू. इ. स. ११८० मध्ये उजी येथील लढाईत पराभूत झालेल्या मिनामोतो नो योरिमासा याने ब्योदोइन मंदिराच्या आवारात केलेले बलिदान हे सेप्पुकूच्या सुरुवातीच्या प्रसिद्ध उदाहरणांपैकी एक मानले जाते. पुढच्या चार शतकांत या कृतीला हळूहळू एक राजकीय मूल्य आले. १५८२ साली तोयोतोमी हिदेयोशी याने बिच्चू प्रांतातील ताकामात्सु किल्ल्याभोवती बांध घालून नदीचे पाणी आत वळवले आणि किल्ला चहूबाजूंनी पाण्यात अडकवला. वेढा चालू असतानाच क्योतोमध्ये हिदेयोशीचा धनी ओदा नोबुनागा मारला गेल्याची बातमी त्याच्या हाती आली. त्याने ती दाबून ठेवली आणि प्रतिपक्षाच्या मोरी घराण्याशी घाईने तह केला. किल्लेदार शिमिझु मुनेहारु याने आपला प्राण द्यावा आणि त्या बदल्यात शिबंदीतील लोकांना सोडून द्यावे, अशी त्यात अट होती. मुनेहारुने वेढ्याच्या पाण्यात नाव आणून दोन्ही सैन्यांच्या देखत प्राण दिला, आणि त्याचे वंशज पुढे मोरींच्या चाकरीत प्रतिष्ठेने नांदले. येथे मृत्यू हा वाटाघाटीतील एक विषय आहे. त्याची किंमत ठरते, तो सर्वांसमक्ष चुकता केला जातो आणि त्याचा लाभ इतर हयात माणसांना मिळतो. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता कोडे असे आहे. १६०० मधील सेकिगाहाराची लढाई आणि १६१५ मध्ये ओसाका किल्ल्याचा पाडाव यांनंतर जपानमधील मोठी युद्धे जवळजवळ संपली. तोकुगावा घराण्यातील शोगुनांच्या, म्हणजे देशाच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, अमलाखाली शांतता नांदू लागली. अशा काळात धन्यासाठी प्राण देणाऱ्यांची संख्या घटायला हवी होती. प्रत्यक्षात मोठ्या घराण्यांत त्याच्या उलट घडले. १६०७ साली पहिला तोकुगावा शोगुन इएयासु याचा मुलगा मात्सुदाइरा तादायोशी आजाराने वारला, तेव्हा त्याच्या काही सेवकांनी जुन्शी केली. १६३६ मध्ये सेन्दाइचा दाइम्यो, म्हणजे प्रांताधिपती, दाते मासामुने वारला, तेव्हा त्याच्या १५ सेवकांनी आणि त्यांच्याही काही सेवकांनी प्राण दिले. १६४१ मध्ये कुमामोतोच्या होसोकावा तादातोशीच्या मागे १९ जण गेले. १६५१ मध्ये खुद्द शोगुन इएमित्सुच्या मागे होत्ता मासामोरी आणि आबे शिगेत्सुगु यांच्यासारखे राज्याचे अत्युच्च अधिकारी गेले, आणि १६५७ मध्ये सागा प्रांताच्या नाबेशिमा कात्सुशिगेच्या मागे २६ जण. यांपैकी एकही दाइम्यो रणांगणावर पडलेला नव्हता. सारे अंथरुणावर, आजाराने किंवा वृद्धापकाळाने वारले होते.

शांततेत हा प्रकार का वाढला, हे समजण्यासाठी सामुराईचे उत्पन्न कशावर अवलंबून होते ते पाहिले पाहिजे. प्रत्येक सामुराई घराण्याला धन्याकडून वंशपरंपरागत नेमणूक असे आणि तिचे मोजमाप ‘कोकू’ या तांदळाच्या मापात, म्हणजे सुमारे १८० लिटर किंवा १५० किलो तांदळाच्या पटीत होत असे. ही नेमणूक व्यक्तीच्या नव्हे तर घराण्याच्या नावावर असे आणि वारसाला ती तशीच मिळेल की कापली जाईल, हे धन्याच्या मर्जीवर ठरत असे. युद्धकाळात कोणता सेवक भरवशाचा आहे हे कळायला प्रत्यक्ष पुरावा उपलब्ध होता : कोणी शत्रूचे शिर आणले, कोण पिछाडी राखत शेवटपर्यंत थांबला, याची नोंद होई आणि धन्याच्या सहीशिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळे. लढाया थांबल्या आणि हे सारे पुरावे एकाएकी बंद झाले. प्रत्येक जण निष्ठेच्या आणाभाका घेत होता आणि त्या आणाभाका खोट्या पाडणारा प्रसंगच येत नव्हता.

अर्थशास्त्रात याला माहितीच्या विषमतेचा प्रश्न म्हणतात. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजाराच्या संदर्भात त्याचे गणित मांडले आणि पुढे २००१ च्या अर्थशास्त्रातील नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. मालकाला उमेदवाराची कुवत दिसत नाही. दिसते ती केवळ त्याने मिळवलेली पदवी. पदवीने कुवत वाढत नसली, तरी कुवतवान माणसाला ती मिळवायला कमी कष्ट पडतात आणि इतरांना जास्त, एवढ्याच कारणाने ती पदवी विश्वसनीय संकेत बनू शकते. १९७५ मध्ये इस्रायली प्राणिशास्त्रज्ञ आमोत्स झहावी यांनी प्राण्यांविषयी तसेच विधान केले : मोराचा पिसारा निरोगी नर पेलू शकतो, दुबळ्याला तो परवडत नाही, म्हणूनच तो खोटा ठरत नाही. सुरुवातीला अनेक जीवशास्त्रज्ञांनी ही कल्पना फेटाळली. १९९० मध्ये ॲलन ग्राफेन यांनी तिचे गणित तपासून दाखवल्यावर तिला मान्यता मिळाली. आफ्रिकेतील थॉमसन गॅझेल या जातीची हरणे रानकुत्रे दिसताच पळण्याऐवजी ताठ पायांनी उंच उड्या मारतात, यात वेळ आणि शक्ती दोन्ही वाया जातात. पण ज्यांच्या उड्यांचे प्रमाण कमी असते अशा हरणांची निवड रानकुत्रे पाठलागासाठी करतात, असे प्रत्यक्ष निरीक्षणातून दिसले आहे.

या सिद्धांताचा गाभा एका असमानतेत मांडता येतो. समजा, खऱ्या गुणवंताला संकेत देण्याचा खर्च ‘क’ आहे, ढोंग्याला तोच संकेत देण्याचा खर्च ‘ख’ आहे आणि संकेत मानला गेल्यास मिळणारा लाभ ‘ल’ आहे. क हा ल पेक्षा लहान आणि ख हा ल पेक्षा मोठा असेल, तरच गुणवंत संकेत देतील, ढोंगी देणार नाहीत आणि पाहणाऱ्याला दोघांत फरक करता येईल. दोन्ही खर्च ल पेक्षा लहान झाले तर सगळेच संकेत देऊ लागतात आणि त्यातून काहीच कळेनासे होते. म्हणजे संकेत नुसता महाग असून भागत नाही. तो एकाला परवडणारा आणि दुसऱ्याला न परवडणारा असावा लागतो. या सिद्धांताच्या लोकप्रिय मांडणीत नेमकी हीच अट बऱ्याचदा गाळली जाते आणि मग कोणताही खर्चिक मूर्खपणा ‘संकेत’ म्हणून खपवला जातो.

जुन्शीला हे लावून पाहताच दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली म्हणजे संकेत देणारा मरतो, त्याला लाभ कसा होणार? दुसरी म्हणजे ज्याच्याविषयी निष्ठा दाखवायची तो धनी आधीच मेलेला असतो, मग हा संकेत वाचणार कोण? दोन्हींचे उत्तर घराणे या एककात आहे. संकेत वाचतो तो नवा धनी आणि आजूबाजूची इतर सामुराई घराणी; त्यातून ठरते ती मृताची नव्हे तर त्याच्या घराण्याची प्रत, म्हणजे हे घर वेळ आल्यास शब्द पाळणारे आहे की नाही हे; आणि लाभ पोहोचतो तो मुलाला मिळणाऱ्या नेमणुकीत आणि मानात. येथे जीवशास्त्राची थोडी ओळख असलेल्या वाचकाला विल्यम हॅमिल्टन यांचा १९६४ चा नियम आठवेल : नात्याचे प्रमाण गुणिले आप्ताचा लाभ हा स्वतःच्या तोट्याहून अधिक असेल तर आत्मत्यागाची प्रवृत्ती निवडीत टिकू शकते. परंतु हा नियम येथे जसाच्या तसा चालत नाही. सामुराई घराण्यांत दत्तक घेण्याचे प्रमाण मोठे होते. जावयालाही दत्तक घेऊन वारस केले जाई आणि ते पूर्णपणे ग्राह्य धरले जाई. ज्याच्यासाठी घराण्याचे नाव राखायचे तो रक्ताचा असलाच पाहिजे असे नव्हते. म्हणून जनुकांची भाषा बाजूला ठेवून संस्थेच्या, वारसाहक्काच्या नियमांच्या भाषेत बोलावे लागते, आणि ‘जपानी रक्ता’चा युक्तिवाद याच ठिकाणी गळून पडतो.

त्याहून रोचक गोष्ट म्हणजे हा संकेत आतून पोखरला जात होता, आणि ते तत्कालीन लोकांना दिसतही होते. एदो काळातील, म्हणजे तोकुगावा राजवटीतील, लेखनात जुन्शीचे तीन प्रकार केलेले आढळतात : कर्तव्यभावनेने केलेली ‘गिबारा’, ‘अमुक एक गेला मग मी कसा मागे राहू’ अशा चढाओढीने केलेली ‘रोनबारा’ आणि मुलाबाळांचे भले व्हावे म्हणून केलेली ‘अकिनाइबारा’, म्हणजे सरळसरळ व्यापारी हिशेबाची. हे वर्गीकरण वरच्या असमानतेशी इतके नेमके जुळते की नवल वाटते. प्राणाची किंमत निष्ठावंताला आणि हिशेबी माणसाला सारखीच असते. फरक असतो तो मृत्यूनंतरच्या फळाला कोण किती मोल देतो यात. घराण्याच्या लाभाला फार मोल देणारा, पण धन्यावर फारसा जीव नसलेला माणूसही तोच संकेत देऊ शकतो, म्हणजे ख हा ल पेक्षा मोठा राहत नाही आणि निष्ठा व हिशेब यांत फरक करण्याची संकेताची क्षमता घटते. चढाओढीने तर ती आणखी ढासळते. एका प्रांतात धन्याच्या कृपेतील दहा जणांपैकी आठ जण गेले, तर उरलेल्या दोघांचे जिवंत राहणे हाच एक संकेत बनतो, आणि तोही त्यांच्या विरुद्ध. त्यांना मरायची इच्छा नसली तरी जगण्याची किंमत वाढते. अशा स्थितीत कोणालाही लाभ होत नाही आणि तरीही कोणी एकटा तीतून बाहेर पडू शकत नाही.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. जुन्शी करणाऱ्यांत हलक्या दर्जाचे, पण धन्याशी वैयक्तिक जवळीक असलेले सेवक बरेच होते, आणि त्यांच्या वंशजांना प्रत्यक्षात मोठी बढती मिळाली असे सर्रास दिसत नाही, याकडे जपानी इतिहासकारांनी लक्ष वेधले आहे. तेव्हा प्रत्येक जण मनात कोकूंचा हिशेब मांडत होता असे म्हणणे हा अन्याय होईल. संकेताच्या सिद्धांताला तसे म्हणण्याची गरजही नाही. गॅझेल हरीण गणित करून उड्या मारत नाही. माणूसही प्रेमाने, लाजेने किंवा कृतज्ञतेने वागतो. सिद्धांत सांगतो तो इतकाच की, अशा भावनांना समाजात मान कोणत्या परिस्थितीत मिळतो आणि कोणत्या परिस्थितीत तो मिळेनासा होतो.

परिस्थिती बदलली तर वर्तन बदलते का, याचा एक जवळजवळ प्रयोगासारखा पुरावा जपानच्या इतिहासाने ठेवला आहे. १६६१ मध्ये सागा आणि आइझु या प्रांतांनी आपापल्या हद्दीत जुन्शीला मनाई केली. १६६३ मध्ये शोगुन इएत्सुनाने सामुराई घराण्यांसाठीचे नियम नव्याने जाहीर केले, तेव्हा ही मनाई साऱ्या देशाला लागू झाली. तिची भाषा पाहण्यासारखी आहे. जुन्शी ही अनुचित आणि निरुपयोगी आहे, असे तीत म्हटले होते, पण तेवढ्यावर न थांबता पुढे असेही म्हटले होते की, असा प्रकार घडल्यास तो मृत धन्याचा गाफीलपणा समजला जाईल आणि तो न रोखणारा वारसदारही दोषी ठरेल. मरणाऱ्याला शिक्षेचा धाक घालण्यात अर्थ नाही, हे नियम करणाऱ्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी संकेत वाचणाऱ्यालाच त्याची किंमत मोजायला लावली.

नियमाची कसोटी १६६८ मध्ये लागली. उत्सुनोमियाचा दाइम्यो ओकुदाइरा तादामासा वारला आणि त्याचा सेवक सुगिउरा उएमोनबेइ याने मनाई मोडून जुन्शी केली. शोगुनशाहीने ओकुदाइरा घराण्याचे उत्पन्न १ लाख १० हजार कोकूंवरून ९० हजारांवर आणले, त्याची बदली दूर यामागाता येथे केली आणि सुगिउराच्या मुलांना देहदंड दिला. निरपराध मुलांना मारणारी ही शिक्षा क्रूर होती यात शंका नाही. पण यंत्रणेच्या दृष्टीने पाहता ती ‘ल’ या अक्षरावर नेमका घाव घालणारी होती. घराण्याला मिळणारा लाभ आता घराण्याचा नाश झाला, आणि नव्या धन्यालाही असा संकेत नकोसा झाला. त्यानंतर दाइम्यो घराण्यांतील जुन्शी जवळजवळ बंद पडली. ‘रक्तात’ असलेली गोष्ट पाच वर्षांत कशी थांबते, याचे उत्तर प्रेरणादायी वचने पाठवणाऱ्यांनी कधीतरी द्यायला हवे.

याच दशकात, १६६५ मध्ये, शोगुनशाहीने आणखी एक जुनी पद्धत मोडली. दाइम्योंच्या वरिष्ठ सेवकांचे नातलग तोवर शोगुनांच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ओलीस ठेवले जात. ते बंद झाले, दाइम्योंची स्वतःची बायकामुले मात्र तेथेच राहिली. जपानी इतिहासात हे दोन निर्णय जोडीने उल्लेखले जातात आणि इएत्सुनाच्या कारकिर्दीतील सत्कृत्ये म्हणून त्यांची वाखाणणी होते. ओलीस आणि जुन्शी यांचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण शब्दावर विश्वास ठेवता येत नाही तेव्हा द्यावयाच्या जामिनाचीच ही दोन रूपे आहेत. सत्ता स्थिर झाली, निष्ठा व्यक्तीऐवजी घराण्याच्या गादीकडे वळली, नव्या धन्याला अनुभवी कारभारी जिवंत हवे झाले आणि एवढ्या महागड्या जामिनाची गरज कमी झाली.

सामुराईचा मार्ग मृत्यूतच सापडतो, हे जगभर उद्धृत होणारे वाक्य ‘हागाकुरे’ या ग्रंथातील आहे. ते सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो सागा प्रांताच्या नाबेशिमा मित्सुशिगेचा सेवक होता, म्हणजे ज्या दाइम्योने १६६१ मध्ये जुन्शीला मनाई केली त्याचाच. १७०० मध्ये मित्सुशिगे वारला तेव्हा त्सुनेतोमोला मागे जाण्याची मुभा नव्हती. तो भिक्षू झाला आणि पुढे कित्येक वर्षांनी ही वचने त्याने एका तरुण सामुराईला सांगितली. मृत्यूचे हे तत्त्वज्ञान युद्धभूमीवरचे नाही. ज्या पिढीला लढाईही मिळाली नाही आणि जुन्शीही करता आली नाही, त्या पिढीतील एका निवृत्त कारकुनी सेवकाचे ते आहे, हे लक्षात ठेवून वाचले तर त्यातील तीव्रता अधिक कळते.

सेप्पुकू मात्र शिक्षा म्हणून टिकली आणि तिचे कर्मकांड शांततेच्या काळात वाढतच गेले, कृती मात्र बरीचशी नावापुरती उरली; कित्येकदा दोषी सामुराईसमोर शस्त्राऐवजी पंखा ठेवला जाई आणि प्रत्यक्ष शिक्षा दुसराच अमलात आणी. शिक्षेचा परिणाम तोच असूनही सामान्य शिरच्छेद आणि सेप्पुकू यांत असलेला दर्जाचा फरक किती महत्त्वाचा मानला जाई, हे आको प्रकरणात दिसते. १७०१ मध्ये आकोचा दाइम्यो आसानो नागानोरी याने एदो किल्ल्यात किरा योशिनाका या अधिकाऱ्यावर वार केला आणि त्याच दिवशी त्याला सेप्पुकूची शिक्षा झाली. ती त्याच्या दर्जाला साजेशा दालनाऐवजी बागेत अमलात आणली गेली, हा अपमान समजला गेला. १७०३ च्या जानेवारीअखेर त्याच्या सेवकांनी किराचा वध केला. त्यांचे काय करावे यावर विद्वानांत वाद झाला. ओग्यु सोराइ यांच्या नावे सांगितला जाणारा अभिप्राय असा की, धन्यासाठी सूड घेणे हे त्यांचे खासगी कर्तव्य असले तरी सार्वजनिक कायदा मोडला गेला आहे, म्हणून मृत्युदंड द्यावा, पण सन्मानपूर्वक. मार्चमध्ये ४६ जणांना सेप्पुकूची शिक्षा झाली. सन्मान देण्याघेण्याचा अधिकार आता पूर्णपणे राज्याच्या हाती गेला होता.

संकेत वाचणाऱ्याला त्याची भाषा येत नसेल तर काय होते, याचे एक उदाहरण १८६८ मधील साकाइ येथले आहे. तोसा प्रांताच्या सैनिकांनी ११ फ्रेंच खलाशांना ठार केले; फ्रेंचांच्या मागणीवरून २० सामुराईंना सेप्पुकूची शिक्षा झाली आणि ११ जणांनंतर फ्रेंच कप्तानाने ती थांबवली. सामुराईंना जे धैर्याचे प्रदर्शन वाटत होते ते परकीयांना वेगळेच काही वाटले. १८७३ मध्ये शोगुनशाहीच्या जागी आलेल्या नव्या मेइजी सरकारने ही शिक्षा कायद्यातून काढून टाकली आणि १८७६ मध्ये सामुराईंच्या वंशपरंपरागत नेमणुका संपल्या. त्यानंतर, १९०० मध्ये, इनाझो नितोबे यांचे ‘बुशिदो’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते मुळात इंग्रजीत, परदेशी वाचकांसाठी लिहिलेले होते, आणि त्याचे लेखक १८६२ साली जन्मलेले, म्हणजे सामुराईंची सत्ता संपली तेव्हा लहान मूल असलेले. आपल्याकडे सामुराईंविषयी जे गूढरम्य चित्र पोहोचले त्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे. १९१२ मध्ये सम्राट मेइजीच्या अंत्ययात्रेच्या दिवशी जनरल नोगी मारेसुके आणि त्यांच्या पत्नी शिझुको यांनी प्राण दिले, तेव्हा खुद्द जपानमध्ये त्यावर एकमत झाले नाही. काहींना ते उदात्त वाटले, तर काहींना कालबाह्य.

आधुनिक जपानमधील आत्महत्यांचे मूळ सामुराई संस्कृतीत आहे, असे विधान अजूनही अधूनमधून वाचायला मिळते. कुटुंबीय धरूनही सामुराई वर्ग लोकसंख्येच्या एक दशांशाहून कमी होता, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी आकडे त्या विधानाच्या विरोधात जातात. १९९७ मध्ये जपानमध्ये २४,३९१ आत्महत्यांची नोंद झाली आणि १९९८ मध्ये ३२,८६३. एका वर्षात संस्कृती एवढी बदलत नाही. बदलली होती ती अर्थव्यवस्था, कारण १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये यामाइची सिक्युरिटीज आणि होक्काइदो ताकुशोकु बँक या दोन मोठ्या वित्तसंस्था कोसळल्या होत्या आणि बेकारी वाढू लागली होती. २००३ मध्ये हा आकडा ३४,४२७ पर्यंत चढला. २००६ मध्ये जपानी संसदेने आत्महत्या प्रतिबंधाचा मूलभूत कायदा केला, या प्रश्नाची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक प्रशासनावर टाकली, आणि २०१९ पर्यंत वार्षिक संख्या २०,१६९ पर्यंत खाली आली.